तक्रार नाही

दौंड
१२ फेब्रुवारी २००६

चांगुणावहिनींना माया हिचा सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही पत्र बाजूला टाकलं नसेल, उघडलं असेल, असं धरून लिहिते. घरी सगळे बरे असतील. सावळादादाचा गुडघा कसा आहे? इकडं आमचे सोपानराव गेल्या वर्षी रेल्वेतून रिटायर झाले आणि आता दिवसभर घरात बसून मला स्वयंपाक शिकवतात. आमचा मुलगा रोहन चाकणला कंपनीत लागला. माझी नर्सची नोकरी अजून आठ वर्षं आहे.

परवा पाटसच्या स्टँडवर तुमची अपेक्षा भेटली. शाळेत शिकवून घरी जायला गाडीची वाट बघत होती. मीच चेहरा दुसरीकडं केला होता, पण तिनं लांबून “आत्या” म्हणून हाक मारली. आई कशी आहे विचारलं तर आधी “बरी आहे” म्हणाली आणि मग तिथंच रडायला लागली. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस रक्त जातं, जिना चढताना मधे बसावं लागतं, तिथंच शिरूरला दाखवलं तर पिशवी काढून टाका म्हणाले आणि सात मार्च तारीख दिली, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. आत्याला सांगू नको असं तुम्ही बजावलं होतं, हेही सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

वहिनी, ऑपरेशन वाईट असतं असं मी म्हणत नाही. काही बायकांना ते करावंच लागतं. पण सोनोग्राफी झाली का, पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला का, असं विचारलं तर अपेक्षा म्हणाली, तसलं काही झालं नाही. नुसत्या हातानं तपासून तारीख दिली. म्हणून राहवलं नाही.

मी स्वतः यातून गेले आहे. तीन वर्षांपूर्वी माझी पाळी मागंपुढं व्हायला लागली. त्याबरोबर वाफा. भर मीटिंगमध्ये मानेपासून कानापर्यंत तापायचं आणि पोलकं घामानं चिकटायचं. कुणी नीट बोललं तरी डोळ्यांत पाणी. सोपानराव घाबरून गेले. मी जन्मभर बायकांना गोळ्या वाटल्या, आणि स्वतःला काय होतंय ते कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

इथं दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टर येतात, राजश्रीबाई. वयानं लहान, पण ऐकून घेतात. त्यांनी छातीची तपासणी केली, बीपी बघितलं, घरात कुणाला कॅन्सर होता का विचारलं, आणि मग हार्मोनची गोळी दिली. वाफा आठ दिवसांत निम्म्या झाल्या. पण नुसती ती गोळी घेतली तर पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि पुढं धोका होतो. म्हणून अस्तर पातळ ठेवायला दुसरं औषध लागतं. ते गोळीतून घेतलं की मला सोसायचं नाही. डोकं जड, छाती दुखायची, कशात मन लागायचं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, हेच औषध थोडं थोडं थेट पिशवीत सोडणारी एक तांबी निघाली आहे, पाच वर्षं चालते, रक्तही कमी करते.

तांबी हा शब्द ऐकला आणि मी पर्स उचलून बाहेर आले. चार महिने परत गेले नाही.

का गेले नाही ते तुम्हाला माहीत आहे.

शेवटी गेल्या वर्षी जानेवारीत बसवली. मी बायकांना सांगायची, मुंगी चावल्यासारखं होतं. वहिनी, मुंगी नव्हती ती. पाच-सात मिनिटं टेबलाची कड धरून पडले होते. नंतर तीन महिने रोज थोडे थोडे डाग पडायचे. गडद साड्या नेसून कामावर गेले. चौथ्या महिन्यात वैतागून बाईंकडं गेले आणि म्हणाले, काढा ही. मला वाटलं त्या समजावतील, थांबा म्हणतील, माझ्यासारख्या बाईनं असं करावं का म्हणतील. त्या उठल्या, हात धुतले, सिस्टरला ट्रे लावायला सांगितला. म्हणाल्या, “चला, काढू. अजून दोन महिन्यांत डाग थांबायची शक्यता आहे, पण त्रास तुम्हाला होतोय, तुम्ही ठरवा.”

मी त्या टेबलाशेजारी उभी राहून रडले. त्यांना वाटलं दुखतंय.

मग मी काढली नाही. काढता येते एवढं कळलं तेच पुरलं. सहाव्या महिन्यात डाग बंद झाले. आता बसवून वर्ष होऊन गेलं. रात्रभर झोप लागते, सकाळी सोपानरावांबरोबर भीमेच्या पुलापर्यंत चालून येते. सगळ्यांना मानवते असं मात्र नाही. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरनं चार महिन्यांत काढून टाकली, तिचं मन फार उदास व्हायचं. ती आता दुसऱ्या औषधावर चांगली आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहून ते पुढं ढकलत होते.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये तांबी बसवायच्या माझ्या टार्गेटला तीन केसेस कमी पडत होत्या. मोठे साहेब सगळ्यांदेखत बोलले होते. त्यातली एक केस मी घरातली केली. तुम्ही “विचार करून सांगते” म्हणाला होतात, आणि मी विचार करू दिला नाही. त्यानंतर तुम्ही दोनदा काढायला आलात. पहिल्या वेळी मी सवय होईल म्हणाले. दुसऱ्या वेळी बाकावर आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले, “वहिनी, घरच्याच माणसानं नाटकं केली तर बाकीच्यांनी काय करायचं?” तुम्ही तशाच निघून गेलात. पुढं महिन्याभरात खुरपताना वावरात पडलात, मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागलं, तिथं ती काढली.

हे तुम्हाला माहीतच आहे. माहीत नाही ते असं. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. बसवलेल्या बायकांची महिन्याची विचारपूस त्यात लिहायची असते. तुमच्या नावापुढं मी लिहिलं, “तक्रार नाही.” माझ्याच हातानं. तुम्ही दवाखान्यात होतात त्या महिन्यातही तेच लिहिलं.

माफी मागायला तोंड नाही. एकच मागते. सात तारखेच्या आधी एका गुरुवारी दौंडला या. तपासणी करून घ्या. मग ऑपरेशन करायचं ठरलं तर मी स्वतः तुमच्या उशाशी बसेन, तुम्ही बसू दिलं तर.

तुमची अपराधी,
माया

*

शिरूर
१९ फेब्रुवारी २००६

माया,

हे पत्र अपेक्षा लिहितीय, मी सांगते तसं. मधेच ती म्हणती, आई असं नको लिहू. मी म्हणलं, तू बाई शाळेत शिकव, हितं लिही.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचून दाखवलं. तुझे दादा शेजारी बसले होते. ते उठून बाहेर गेले आन् लई वेळ आले न्हाईत.

तक्रार नाही. व्हय का. मला वाटत होतं, पोरीला साहेबाचं भ्या होतं, वय कमी होतं, बोलून गेली. एवढी वर्षं मी मनाची तशी समजूत घालत होते, तुला ठाऊक न्हाई. तू शाळेत होतीस तवा मी तुझ्या केसांच्या येण्या घालायची. नर्सच्या ट्रेनिंगला गेलीस तवा माझ्या लग्नातली ट्रंक तुला दिली. तू मला बायकांपुढं नाटकी म्हणलीस ते मी गिळलं आसतं. पण मी आडवी पडलेली आन् तू कागदावर मला ठणठणीत केलीस. ते आता कळलं. लिहिलं न्हाईस तर मेल्यावरबी कळलं नसतं. कशाला लिहिलंस ते तुझं तुला ठाऊक.

रक्त मातूर खरंच लई जातं. मला भ्या वाटतं. ऑपरेशनचंबी वाटतं. शेजारणीची पिशवी काढली, तिला अजून कंबर धरून चालावं लागतं.

येत्या गुरुवारी चौफुल्याच्या गाडीनं येते. अपेक्षा रजा काढून संगं येणार हाय. तुझ्यासाठी येत न्हाई, माझ्यासाठी येते. घरी चहाला येणार न्हाई. आन् तांबी बसवून घेणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवते.

चांगुणा

*

शिरूर
६ ऑगस्ट २००६

माया,

ह्या वेळेला माझ्या हातानं लिहिते. चौथीपातूर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लावून वाच. अपेक्षाला लिहायला सांगितलं आसतं तर बोलायचं तसं बोलता आलं नसतं.

काल रक्त तपासलं. फेब्रुवारीत साडेसहा होतं, आता साडेदहा हाय. गोळीनं अंगावरनं लाल जाणं चार दिवसांवर आलंय. लोखंडाच्या गोळ्यांनी पोट बांधून येतं, पण चालतंय. जिना एका दमात चढते. तुकडा तपासून आलेला कागद मी अजून कपाटात ठेवलाय. काही वाईट न्हाई असं त्यात लिहिलंय म्हणून तू दोनदा वाचून दाखवलंस.

तो कागद आला त्या दुसऱ्या गुरुवारचं मला लिहायचं हाय. तोंडावर बोलता आलं न्हाई.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशवी काढायची गरज दिसत न्हाई. गोळ्या हायेत, न्हाईतर औषधाची तांबी, आन् तुमच्यासाठी तांबी जास्त बरी. मी म्हणलं, नको. बाईंनी चांगल्या मनानंच परत सांगायला घेतलं. चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, चार महिने बघा तरी, तुमच्या नणंदेलाच इचारा, त्यांना किती आराम पडलाय. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार. हिला मानवलीय, हिच्याकडं सांगायला सगळं हाय, आन् मी एकटी पडणार.

तू म्हणलीस, “डॉक्टर, वहिनी नको म्हणाल्यात.”

एवढंच म्हणलीस. बाई थांबल्या. म्हणाल्या, “बरोबर आहे. मग गोळ्यांचं बघू.” आन् कागदावर लिहायला लागल्या.

माया, त्या वक्ताला मला काय झालं ते सांगता येत न्हाई. रडू न्हाई आलं. पाठ मोकळी झाली. बाहेर आल्यावर तू रसाचा पेला आणून दिलास आन् मी तो घेतला. तू बघत व्हतीस मी पिते का न्हाई. मी सगळा प्याले.

राग गेला असं लिहिणार न्हाई. खोटं कशाला? मधेच कवातरी भांडी घासताना तुझ्या रजिस्टरचा तो कागद आठवतो, आन् मग तवा जोरात घासला जातो. पण आता राग येतो तवा तुझ्यावर येतो तसा तुझ्या साहेबावरबी येतो, आन् त्या सगळ्या मार्च महिन्यावर येतो. पयला नुसता तुझ्यावर यायचा.

आमच्या गल्लीत शेवंताबाई हाय. पन्नाशीची हाय. तिच्या अंगातून वाफा निघत्यात, रात्रीचं उठून ओल्या फरशीवर बसती. लेकीबी इचारत न्हाईत. मी तिला तुझं सांगितलं, तर ती म्हणती, मला त्या बाईशी बोलायचंय. तिला तुझी तांबी मानवलेली तू सांग, मला गोळी मानवलेली मी सांगते, तुझ्या त्या सिस्टरनं काढून टाकली तेबी सांग. जुनी तांबी कशी सोसली तेबी मी तिला सांगणार हाय, तू समोर आसलीस तरी. मग तिचं ती ठरवंल. मागच्या रविवारी ओट्यावर अशाच चौघी जणी गोळा झाल्या व्हत्या. एकीनं काढलं की दुसरीचं निघतंय. मला तर वाटतं आमी सगळ्या एवढी वर्षं तोंडात पदर धरूनच बसलो व्हतो.

तुझ्या दादांचा गुडघा तसाच हाय. त्यांना म्हणलं, मायाला बोलवावं म्हणते. दुपारी बघितलं तर आतल्या खोलीतला पंखा पुसत व्हते, स्टुलावर चढून, तसल्या गुडघ्यानं. मी खाली उतरवलं.

येत्या शनिवारी ये. सोपानरावांनाबी आण, त्यांना स्वयंपाक येतो म्हणतीस तर बघू तरी. दोन दिवस राह्यच्या कपड्यांनिशी ये. बायका येणार त्या रविवारी येतील, शनिवार घरच्यांचा. तुला माहेराला येऊन एकवीस वर्षं झाली, आन् ते माहेर मी बंद केलं व्हतं. तेबी एका कागदावर लिहून ठेवायला पायजे व्हतं कुणीतरी.

गाडी स्टँडवर साडेअकराला लागती. मी येऊन उभी राहीन.

तुझी वहिनी,
चांगुणा