टेबलाखालचा पाटीचा तुकडा

मंगळवार, ९ जानेवारी. पेण.

आज वर्गात लबाडी झाली. झाली कसली, मी केली.

रोह्याच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हणून दोन लाकडी गाड्यांवर चुंबकं बसवली होती, सारखी टोकं समोरासमोर. एक गाडी ढकलली की दुसरी तिला न टेकताच पुढे सरकते. स्पर्शाशिवाय गती देता येते, एवढंच मुलांना दाखवायचं होतं. पण सकाळी करून पाहिलं तर दुसरी गाडी जेमतेम चार बोटं सरकली. मग मी टेबलाच्या पायाखाली फुटक्या पाटीचा तुकडा सारला. उतारावर गाडी पार टोकापर्यंत धावली. साहेब खूश.

तेवढ्यात निडी गावची सरिता उठली. "बाई, टेबल कललाय. चुंबक काढून बगू का? तरी पन पळंल ती."

"आगाऊपणा नको. खाली बस," मी म्हणाले. वर्ग हसला. सुट्टीत तीच येऊन म्हणाली, "चुकलं बाई माझं." आणि मी म्हटलं, "बरं." बरं!

घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं, "काय गो, धावली का गाडी?" चाकं त्यांनीच घासून दिलेली. "धावली," म्हटलं. घरातली पहिली पदवीधर मी. हेच शिकले?

आत्ता सपाट लादीवर पुन्हा ढकलून पाहिली. चारच बोटं. पण न टेकता, खरोखर. तेवढं पुरेसं होतं की!

पाटीचा तुकडा पर्समध्येच आहे. उद्या सगळ्या वर्गासमोर तो सरिताच्या हातात द्यायचा, आणि कुठे होता ते सांगायचं.