बोअरची गाडी

२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. नोकरी सोडून परत यायचं म्हणते! जावईही तयार. आमच्या वरच्या शेतात रोपवाटिका काढायची — फुलझाडं, फळझाडं, सगळं. शहरातल्या दोन खोल्यांना कंटाळलेत. नात दिवसभर खिडकीतून खाली बघत बसते म्हणाली. मी आपली "या, या" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवून शिवायला बसले, तर गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी जोडली.

४ फेब्रुवारी

अट एकच. शेतात स्वतःची बोअर हवी. रोपांना रोज पाणी लागतं, ते पाळीच्या पाण्यावर कसं भागणार? तिचं बरोबर आहे. पण नव्या बोअरवर बंदी घालायचा ठराव कुणी लिहिलाय — मीच! पाणी समितीची अध्यक्ष मी. प्रत्येकाने आपापली बोअर मारली की गावची विहीर आटते आणि सगळ्यांचेच नळ कोरडे पडतात, हे सांगून सांगून माझा घसा बसला. गेल्या उन्हाळ्यात आटलीच. आता महिनाअखेरीला तो मंजूर करायला सभा. लेकीला हे सांगायला जीभ रेटली नाही.

५ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

मागची खोली उघडली. हे गेल्यापासून तिथे कापडाचे गठ्ठे रचून ठेवले होते, ते हलवले. खिडकीला पडदे शिवले. नातीच्या पलंगाला कठडा करायला सुताराला बोलावलं. त्याने विचारलं, कधी येणार? अजून ठरलं नाही म्हटलं. ठरलं नसताना पडदे कोण शिवतं!

एका माणसाची भांडी घासायचा मला कंटाळा आलाय. एक ताट, एक वाटी, एक पेला — घासून होतात तोवर पाणी नीट गरमही झालेलं नसतं. "आई, माझा टॉवेल कुठेय" म्हणून घरात कुणीतरी ओरडायला हवं. इथे कोण वाचणार आहे, म्हणून स्पष्टच लिहिते — मला माझी लेक हवी आहे.

१३ फेब्रुवारी

शेजारचे भाऊजी आले होते. सगळं गाव त्यांना रेडिओ म्हणतं. का, ते त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळतं. लेकीचा बेत त्यांच्या कानावर गेलाच होता. म्हणाले, "वहिनी, बंदी नव्या बोअरला. सभेच्या आधी मारली, तर ती जुनीच की! आधी गाडी बोलवा, मग खुशाल ठराव करा."

ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दिवसभर तेच डोक्यात.

१४ फेब्रुवारी

बोअरच्या गाडीवाल्याला फोन केला. नुसती चौकशी. म्हणजे — तारीखच घेऊन टाकली. वीस. लेकीला कळवलं, तर लग्नाआधी हसायची तशी खळखळून हसली. "आई, तू ग्रेट आहेस!" मला तसं काही वाटलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होते.

१८ फेब्रुवारी

काल आणि आज रस्त्यावरून बोअरच्या गाड्या गेल्या. खालच्या अंगाला दोन शेतांत बोअर पडल्यासुद्धा. रेडिओ वाजला होता ना — अध्यक्षीणबाईच घेताहेत म्हटल्यावर मागे कोण राहील?

पोस्टमास्तर आमचे सचिव. ते आले, पण खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आणखी कुणाकुणाच्या तारखा ठरल्यात ते सांगितलं. सगळ्या सभेच्या आधीच्या. बंदीची कुणकुण लागली नसती तर यातल्या निम्म्यांना सुचलंही नसतं, म्हणाले. माझ्या तारखेचं त्यांना माहीत होतं. त्यावर अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले तरी असते.

१९ फेब्रुवारी

महिनाअखेर कशाला, सभा आजच घेतली. तातडीची बोलवायचा अधिकार अध्यक्षाला असतो. शाळेच्या खोलीत, पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून सगळे बसले. खूप आरडाओरडा झाला. मग रेडिओ उठले. "अध्यक्षांची स्वतःची गाडी उद्या येतेय, तिचं काय?"

मी तिथेच, सगळ्यांदेखत गाडीवाल्याला फोन लावला. उद्या येऊ नका म्हटलं. परवा येऊ का, म्हणाला. म्हटलं, आता कधीच नको.

ठराव मंजूर. नवी बोअर नाही, जुन्या ठरलेल्या वेळीच चालवायच्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला कधी एकदा घरी जाते असं झालं होतं.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्या गावाची काळजी आहे तुला." ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी

फोन नाही.

१ मार्च

मीच केला. नातीने उचलला. "आजी, माझ्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे?" निळे, म्हटलं. मग जावयांनी घेतला. ती कामात आहे म्हणाले. मागे तिचा आवाज येत होता. कामात बिमात काही नव्हती.

११ मार्च

सुतार कठडा घेऊन आला. परत कसा पाठवू? बसवून घेतला.

१८ एप्रिल

विहिरीत पाणी आहे! गेल्या वर्षी या दिवसांत तळाचे दगड दिसत होते. नळ रोज येतो. रेडिओ तोंड भरून कौतुक करत फिरतात, जणू ठराव त्यांच्याच डोक्यातून निघाला. पोस्टमास्तरांनी समितीतर्फे माझा सत्कार ठेवायचं काढलं. नको म्हटलं. माणसं भेटली की हात जोडतात, ते बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण घरी आलं की पुन्हा तेच एक ताट.

मागच्या खोलीतले पडदे धुऊन पुन्हा लावले. मळले नव्हते.

६ मे

लेकीचा फोन — आपणहून! "आई, बोअरला पाणी लागलं! भरपूर आहे, गोड आहे!" सासरच्या गावाजवळ शेत खंडाने घेतलंय. रोपवाटिका आता तिथेच. पुढच्या महिन्यात तिकडेच राहायला जाणार.

तिथे बंदी नाही का, विचारलं.

"नाही गं. तिथे तुझ्यासारखं कोणी नाही."

मी म्हटलं, "बोअरची मोटार जपून चालव."