आईचा गुडघा आणि तुझी महामंदी

प्रिय धाकट्या,

तुझं ताजं भाषण आईच्या फोनवर ऐकलं. ऐकावं लागलं; तिला आवाज कमी करता येत नाही आणि तुझं भाषण चालू असताना मी उठून गेलेलं तिला खपत नाही. हात वर करून तू सांगत होतास की बाजार आता कोसळणारच. मागे, स्टेजवर शोभेला नेलेलं, बाबांच्या पुस्तकांचं कपाट होतं. त्यातलं एकही तू उघडलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्यामागे उघडलंही असशील. परवा डायरीत तुला भरपूर नावं ठेवली, सकाळी वाचून जी अन्यायाची वाटली ती खोडली. उरलेली इथे देते आहे.

तुझं भाकीत चुकत नाही हे मला मान्य आहे. ते संपतच नाही, तर चुकणार कधी? आधी निवडणुकीनंतर म्हणालास, मग व्याजदर वाढल्यावर, मग कमी झाल्यावर. मध्ये बाजार खरंच आपटला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या अकाउंटंटचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि आई मात्र लग्नघरातल्यासारखी खुशीत. “बघ, माझा लेक म्हणालाच होता!” तिला वाटलं, झालं एकदाचं. त्याच संध्याकाळी तू जाहीर केलंस की ही नुसती रंगीत तालीम, खरा खेळ पुढेच आहे. बाजार सावरला. आई पुन्हा वाट बघायला लागली.

कशाची, ते तुला ठाऊक नाही. तुझं ऐकून तिनं बाबांनी ठेवलेले शेअर विकले आणि पैसे बँकेत नुसते ठेवून दिले. तिचा उजवा गुडघा पार झिजला आहे. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर ही म्हणते, “पडझड होऊन जाऊ दे. तेव्हा घरात रोकड लागेल, आणि मी सगळी गुडघ्यात घालून बसू?” डॉक्टर आधी हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी थांबलात तर पाय सरळ होणं कठीण आहे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. कितीतरी महिन्यांत ती खाली उतरलेली नाही. खिडकीत बसते, आणि खालच्या भाजीवाल्याला वरून ओरडून विचारते, “काय रे, बाजार काय म्हणतोय?” तो बिचारा टोमॅटोचा भाव सांगतो.

भाषणाच्या शेवटी तू सरकारी पॅकेजवर घसरलास. मुडद्याला सलाईन, खड्डे खणायचे आणि तेच बुजवायचे, म्हणे. मागे पडद्यावर फोटो दाखवलास: खोदलेला रस्ता, चरात उभी माणसं. लोक खदाखदा हसले. त्या फोटोतला पिवळ्या हेल्मेटमधला पाठमोरा माणूस म्हणजे तुझे भाऊजी. पंपाचा कारखाना बंद पडल्यावर याच सरकारी कामावर ते सुपरवायझर म्हणून लागले. आईनं त्यांना पाठीवरून ओळखलं. त्यांनीही बघितलं आणि म्हणाले, “चला, मेहुण्यानं मला स्टेजवर तरी नेलं.” मला हसू आलं नाही.

या खर्चानं फायदा झाला का, असं कुणी मला विचारलं तर मी अडखळेन. तो रस्ता दोनदा खणला हे खरं आहे. आधी पाण्याची लाइन, मग ड्रेनेजची. दोन खात्यांना एकमेकांशी बोलायचं सुचलं नाही. कंत्राटदाराचा बंगला झाला, महागाई वाढली, आणि पैसे उधळले म्हणणारे सगळेच काही मूर्ख नाहीत. पण कारखाना बंद होता तेव्हा या घरात पगार त्या चरातूनच आला, आणि त्या पगारावर तुझी आई जेवली. देशाचं मी ठामपणे सांगू शकत नाही. तू मात्र सगळंच ठामपणे सांगतोस, आणि त्याचं तिकीट लावतोस.

आता मुद्द्याचं. तुझा फोन तुझी सेक्रेटरी उचलते, म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी डॉक्टरांनी आईसाठी वेळ राखून ठेवली आहे. मी समजावलं, भाऊजींनी समजावलं, तिचं एकच, “त्यानं सांगितल्याशिवाय नाही.” तू चुकलास असं तिला सांग, असं मी म्हणत नाही. तुला ते जमणार नाही आणि तिला पटणार नाही. तिला फोन करून एवढंच सांग की पडझड होऊन गेली. तेव्हा ती रंगीत तालीम होती म्हणालास, तोच खरा खेळ होता म्हण. कुणाला खोटं बोलायला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि तुला सांगताना फारसं जड जात नाही याचं मलाच वाईट वाटतं. तुझ्या श्रोत्यांना हवं तेवढं घाबरवत राहा. फक्त आईपुरती मंदी संपव. तिनं विचारलं की तळ लागला का, तर लागला म्हण.

अजून तरी तुझीच,
ताई