तोंडावरचा हात

४ फेब्रुवारी
खाट मिळाली! निवारागृहातली, खिडकीजवळची. गादीला फिनेलचा वास आहे, पण गादी आहे. ठमी मधोमध पसरलीय, मी कडेला लटकून लिहितेय. सव्वा वर्षाची पोर, जागा अडवते चार माणसांची!

पत्ता कारखान्यातल्या वॉचमनकाकांनी दिला. परवा पकडलंच त्यांनी आम्हाला. वही इथला कारभार बघणाऱ्या ताईंनी दिली. "मनात येईल ते लिही, कुणी वाचणार नाही." बघू.

६ फेब्रुवारी
खोलीत आम्ही चौघी, पोरं पाच. दिवसभर नुसता कालवा. आमची ठमी तेवढी गप्प. समोरच्या खाटेवरची म्हणते, "पोरगी आहे की बाहुली? नशीबवान आहेस बाई!"

मी हसले.

७ फेब्रुवारी
आईला फोन केला. "एकटी येणार असशील तर ये." ठेवला.

१२ फेब्रुवारी
नर्सबाई लस टोचायला आल्या होत्या. बाकीच्या पोरांनी घर डोक्यावर घेतलं. ठमीचे डोळे डबडबले, ओठ वाकडे झाले — आणि तिनं स्वतःचा तळवा स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. नर्सबाई बघतच राहिल्या. मग तिच्या पाठीमागं चमचा वाजवला. वळली. कान शाबूत आहेत.

"हे कुठं शिकली गं?"

"खेळते तशी," म्हणाले. सरळ तोंडावर खोटं!

१३ फेब्रुवारी
मी शिकवलं. इथं तरी खरं लिहिते.

शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करायचे. दिवसा ठमी माझ्या मशीनखालच्या खोक्यात. सुट्टी झाली की सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं, मागच्या दारानं परत आत शिरायचं, आणि कापडाच्या ताग्यांमागं झोपायचं. सहा आठवडे. वॉचमनची पावलं वाजली की माझा हात तिच्या तोंडावर. ती रडली असती तर दोघी रस्त्यावर! आधी धडपडायची. एकदा कडकडून चावली. मग धडपड थांबली. मग माझा हात लागेनासाच झाला. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं! शहाणी झाली म्हणून पापे घेतले मी तिचे.

ताईंना कळलं तर पोर काढून घेतील. सांगायचं नाही.

२१ फेब्रुवारी
सांगितलं.

दुपारी ठमीचं बोट दारात चेमटलं असणार. नख काळंनिळं पडलेलं मला संध्याकाळी दिसलं — इतका वेळ हूं नाही की चूं नाही! तशीच ताईंकडं गेले नि सगळं बोलून टाकलं. वाटलं, संपलं, आता पोर गेली.

ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू यायच्या महिनाभर आधीच वॉचमननं फोन केला होता आम्हाला. लेकरू घेऊन एक पोरगी ताग्यांमागं राहते, म्हणाला. तेव्हा आमच्याकडं खाट रिकामी नव्हती. झाली तसं त्याला कळवलं."

महिनाभर! म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. बघून न बघितल्यासारखं करत होता. मग मी कुणाला घाबरून तिचं तोंड दाबत होते?

ठमी माझ्याकडंच राहणार. हे ताईंनी दोनदा सांगितलं. तरी रात्री तिचं ते बोट हातात धरून बसले.

९ मार्च
नवं काम लागलं, ताईंच्या ओळखीनं. खोली मात्र मिळत नाही. तीन ठिकाणी नकार. "एकटीच? आणि हे मूल?" खाट महिनाअखेर सोडायचीय.

रोज ठमीला ओरडायला शिकवते. मी "आऽऽ" करते, ती दाराकडं बघते.

२० मार्च
चौथी खोली. आज ताई बरोबर आल्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, "लहान मूल नको. किरकिर मला सोसत नाही." तेवढ्यात ठमीचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं. टेंगूळ आलं. तिचा हात तिच्याच तोंडावर.

"अगंबाई, किती शहाणं लेकरू! अशीच राहणार असेल तर या."

ताई माझ्याकडं बघत होत्या. मी फरशीकडं. हो म्हणाले. लाज वाटली, फार वाटली, पण हो म्हणाले.

२६ मार्च
आलो राहायला. एक खिडकी, नळ आतच, आणि दाराला आतून कडी! दहा वेळा लावून पाहिली.

२८ मार्च, दुपार
ठमी खुर्चीवरून पडली. हात तोंडाकडं निघाला. मी तो मध्येच धरला आणि धरून ठेवला. एकदा माझ्याकडं बघितलं तिनं — आणि असा टाहो फोडला! अजून रडतेय, मांडीवर. एका हातानं लिहितेय मी. खालचं दार उघडलं. मालकीणबाई जिना चढतायत.

येऊ देत.