दोन महासत्ता आणि पुण्याचा फ्लॅट

मी, विजयकुमार श्रीराम खांबेटे, वय एकाहत्तर, शारजातल्या एका भारतीय शाळेचा निवृत्त इतिहास-शिक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. गेल्या महिन्यात हृदयात स्टेंट बसला, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता.

१. माझं आधीचं मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं. त्यात पुण्याच्या फ्लॅटचा हॉल आणि स्वयंपाकघर मुलगा वेदांग याला, दोन्ही बेडरूम मुलगी अवनी हिला दिल्या होत्या. वर्गात बर्लिनची फाळणी शिकवणारा माणूस घरात दुसरं काय करणार!

२. असं का झालं, ते नोंदवून ठेवतो. वर्गात मी दरवर्षी सांगायचो: हिटलर होता तोवर अमेरिका आणि रशिया एका बाजूला. शत्रू संपला आणि दोस्तांना एकमेकांची भीती वाटू लागली. दोन्ही महायुद्धांत जर्मनी रशियावर चालून आलेला, म्हणून रशियाने मधले देश मुठीत घेतले. अमेरिकेला वाटलं, हा आता सगळा युरोप गिळणार. तिने ग्रीस-तुर्कस्तानला मदत दिली, मार्शल योजना आणली, मग नाटो उभारली. रशियाला वाटलं, आपल्याला घेरतायत. पुढची चाळीस वर्षं दोघांचं परराष्ट्र धोरण समोरच्याच्या पोटात काय आहे या अंदाजावर चाललं.

आमच्या घरात शत्रू होता कॅन्सर. माझी पत्नी शोभना आजारी होती तेव्हा या दोघा भावंडांनी खांद्याला खांदा लावून तिचं केलं. ती गेली. अवनीने आईचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले. वेदांगला वाटलं, हिने बळकावले. त्याने पुण्याच्या फ्लॅटचं कुलूप बदललं. अवनीला वाटलं, घर गेलं. झालं, बोलणंच बंद!

३. त्यानंतर मला मदत देण्याची चढाओढ लागली. वेदांगने फ्रिज पाठवला, तर अवनीने त्याहून मोठा. माझा इथे राहण्याचा व्हिसा वेदांगच्या हमीवर, विमा अवनीने काढलेला. मी अलिप्त राष्ट्र, दोन्हीकडून घेत राहिलो. पण ईदला एक यायचा, दिवाळीला दुसरी, आणि जेवताना मी त्या दोन फ्रिजांच्या मध्ये एकटा. लहान फ्रिज आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला द्यावा.

४. सोव्हिएत संघ दाखवणारा भिंतीवरचा नकाशा आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मैथिलीबाईंना. त्यांनीच तो कालबाह्य म्हणून कपाटामागे टाकला होता. आता त्यांनी तो स्वतःच्या दिवाणखान्यात लावायचा, दारासमोर. माझा राग अजून गेलेला नाही.

५. गेल्या महिन्यात छातीत कळ आली. अवनी दुबईहून धावली, वेदांग अबू धाबीहून. स्टेंट बसल्यावर मी झोपलोय असं समजून दोघं पडद्यापलीकडे बोलू लागली.

"दादा, लॉकर तुझ्याही नावावर आहे. यू कुड हॅव आस्क्ड!"

"मग सांगायचंस ना! आई गेली, तिच्या वस्तू गेल्या. मला भीती वाटली, आता घरही जाईल."

"मलाही तीच भीती होती रे."

मग ती रडली, मग तो. देवाशपथ सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला तो तेव्हा, स्टेंटने नव्हे. खलास, संपलं एकदाचं!

६. सबब पुण्याचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि शोभनाचे दागिने दोघांना समान, सामाईक. मध्ये भिंत घालू नये. व्यवस्था दोघांनी मिळून पाहावी. शंका आली तर आधी फोन करून विचारावं, अंदाज नंतर बांधावा.

७. हा मसुदा आज दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर वेदांग म्हणाला, "बाबा, आम्ही दोघांनी ठरवलंय. उद्यापासून लोणचं, पापड बंद. आणि रोज सकाळी चालायचं."

मी आशेने अवनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दादा म्हणतो ते."

वेदांगकडे वळलो. तो म्हणाला, "अवनी म्हणते तसंच."

अलिप्त राष्ट्राला आता कुणी वाली उरलेला नाही. त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

वरील मजकूर पुन्हा वाचून, समजून, समाधानाने सही केली.

विजयकुमार श्रीराम खांबेटे

आमच्यासमोर सही झाली:
१. कुलसुम अन्सारी, शेजारीण
२. अनुपमा रेगे, निवृत्त गणित-शिक्षिका

शारजा, शुक्रवार, ११ एप्रिल २०२५