वन्सं गेल्या, बोलणं थांबलं नाही

३ जून, सोमवार
ह्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी आजपासून आमच्याकडे. वय सोळा. वन्सं जाऊन दीड महिना झाला, वडील बोटीवर नोकरीला, म्हणून मामाचं घर. माझी हरकत नाही. वन्संचं आणि माझं कधी पटलं नाही, पण मी मनात काही ठेवत नाही. त्या मला काय काय बोलल्या ते सगळं तारीखवार आठवतं, तरीही ठेवत नाही.
संकल्प: पोरीशी प्रेमाने वागायचं.
बाथरूमचा दिवा दोनदा चालू ठेवला. प्रेमाने सांगितलं. रडली.

४ जून, मंगळवार
जेवताना पोरगी ताटाकडे बघत म्हणाली, मामी, आई म्हणते, वहिनींना सांग, भाजीत पाणी जरा कमी घाला, घरचंच माणूस जेवायला आहे.
मी विचारलं, कोण म्हणतं? म्हणाली, आई. मला ऐकू येते.
हे म्हणाले, लहान आहे, जाऊ दे. मी काहीच बोलले नाही. फक्त एवढंच म्हटलं की ज्यांच्या हातचा भात पातेल्याचं बूड घेऊन निघायचा, त्यांनी मला शिकवू नये.
नंतर लक्षात आलं, मी मेलेल्या माणसाला उत्तर दिलं. पुन्हा नाही.

६ जून, गुरुवार
पुन्हा दिलं. विषय पडदे. वन्सं म्हणे विचारतात, अजून तेच का? हो, तेच. धुतलेले आहेत. फडकं होईपर्यंत पडदा हा पडदाच असतो. सांग म्हटलं तुझ्या आईला. पोरगी म्हणाली, तिने ऐकलं, हसतेय.
हसतेय! सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

८ जून, शनिवार, दुपारी
सापडलं! पोरीच्या उशीखाली लायब्ररीची कादंबरी. त्यातल्या मुलीची बहीण वारलेली, आणि त्या मुलीला मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं. म्हणजे कार्टीने सगळं यातूनच उचललं. पुस्तक जप्त केलं. असली पुस्तकं मी एरवी हातात धरत नाही, पण मॅट्रिक झालेली बाई पुराव्याशिवाय बोलत नाही. वाचणार.

९ जून, रविवार
पुराव्यासाठी अर्धं वाचलं. दोन भुतं, एक जळकं घर, एक देखणा मुलगा, आणि ती पोरगी सगळीकडे वणवण फिरते. स्वयंपाक कोण करतं हे एकदाही लिहिलेलं नाही. भुतांवर एकवेळ विश्वास बसेल, यावर बसत नाही.
रोजचा जप राहिला. उद्या दुप्पट.

११ जून, मंगळवार
जप राहिला. पुस्तक संपलं. शेवटी बहीण कायमची निघून जाते आणि ती मुलगी एकटीच पुलावर उभी राहते. डोळ्यांना पाणी आलं. टाइप फार बारीक.
पुरावा असा: त्यातलं भूत कुणाच्याही भाजीबद्दल एक शब्द काढत नाही. म्हणजे तेवढं कार्टीने दुसरीकडून उचललं असणार.

१३ जून, गुरुवार
परीक्षा घेतली. जपाला बसले, डोळे मिटले आणि पोरीला म्हटलं, विचार तुझ्या आईला, मी आत्ता मनात काय म्हणतेय. म्हणाली, आई म्हणते, वहिनींच्या तोंडात देव आणि मनात गॅस. बंद केला की नाही?
हे कुणीही सांगेल.
गॅस चालूच होता. बंद केला.

१५ जून, शनिवार
निर्णय: हॉस्टेल. पोरीच्या भल्यासाठी. हे म्हणाले, तू तिच्याशी भांडत नाहीस, माझ्या बहिणीशी भांडतेस. मी म्हटलं, सुरुवात तुमच्या बहिणीने केली.
हॉस्टेलच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, जागा आहे, पण मुलगी मनाने धड हवी. बाकीच्या मुली घाबरतात. महिनाअखेरीपर्यंत कळवा.
म्हणजे त्याआधी वन्संचं तोंड बंद व्हायला हवं. मी मनावर घेतलं की होतं.

१७ जून, सोमवार
मनावर घेतलं.
सकाळी पोरगी म्हणाली, आई म्हणते, हिला हॉस्टेलला नका पाठवू. वहिनी बोलायला फटकळ आहेत पण कुणाला उपाशी ठेवायच्या नाहीत.
माझी तळपायाची आग मस्तकात. म्हटलं, तुझी आई मेली. मेलेली माणसं बोलत नाहीत. जिवंतपणी जिने माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही, ती आता काढणार? खोटारडी!
पोरगी खोलीत गेली. हुं की चूं नाही. औषध कडूच लागतं.

१९ जून, बुधवार
पूर्ण विजय. भाजीबद्दल काही नाही, पडद्यांबद्दल काही नाही. घरात कशी शांतता.
पोरगी दोन घास खाऊन उठते. अन्न वाया जातं तेवढंच.

२२ जून, शनिवार
सहज विचारलं, काय गं, काही म्हणाली का? पोरगी म्हणाली, कोण? म्हटलं, कुणी नाही.
मग आपणहून म्हणाली, ऐकू येत नाही आता. आईचा आवाज कसा होता तेसुद्धा आठवेना झालंय मामी.
संध्याकाळी भाजीत मुद्दाम दोन वाट्या पाणी जास्त घातलं. बघू तरी. हे म्हणाले, आज सूप का? बाकी कुणी काही म्हणालं नाही.

२४ जून, सोमवार
पडद्यांची विरलेली बाजू पुढे करून लावली. कुणी काही म्हणालं नाही.

२६ जून, बुधवार
पोरीला डॉक्टरकडे नेलं. कपडे अंगावर लोंबतात. डॉक्टर म्हणाले, शरीरात बिघाड नाही, पण अशीच राहिली तर सलाइन लावावं लागेल. जेवायला घाला, बोलतं ठेवा. वर मलाच विचारतात, घरात कोणी काही बोललं का हिला? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे मोजकंच बोलतात.

२८ जून, शुक्रवार
हॉस्टेलच्या बाईंचा फोन. मुलगी मनाने धड आहे ना? आवाज वगैरे ऐकू येत नाहीत ना?
मी म्हटलं, येतात. चिक्कार येतात. दिवसभर.
त्यांनी जागा रद्द केली. बरंच झालं. तिथे म्हणे व्हरांड्यातले दिवे भर दुपारी चालू असतात. असल्या उधळपट्टीत पोरगी बिघडली असती.

३० जून, रविवार
पोरगी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेली. हे दारातून दोनदा बघून गेले. पुरुषांना बघण्यापलीकडे काही येत नाही. शेवटी मीच ताट घेऊन गेले आणि म्हटलं, ऊठ, तुझी आई आत्ता माझ्याशी बोलली.
ताडकन उठून बसली. डोळे एवढे मोठे. काय म्हणाली?
पुढचं मी ठरवलं नव्हतं. म्हटलं, ती म्हणाली, बाळा, जेवून घे, मामी किती प्रेमाने करते.
पोरगी बघतच राहिली. मग म्हणाली, मामी, तुला नक्कल अजिबात जमत नाही. आई मला बाळा कधी म्हणायचीच नाही. ती म्हणाली असती, घोड्ये, ऊठ, वहिनींनी केलंय ना, मग आधी वास घे आणि मग खा!
हुबेहूब. तोच ठसका, वहिनी या शब्दावर तोच जोर. पोरीने स्वतःच्या गळ्याला हात लावला. म्हणाली, मामी, असा होता. असाच होता आवाज.
मग तिने खरंच वास घेतला. आगाऊ. आणि जेवली. दुसऱ्यांदा मागून घेतलं.
भाजी आज नीट आटलेली होती, मी चाखून पाहिली होती. इतकी चांगली माझ्या हातून क्वचित होते. ताट घासताना आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि म्हटलं, वन्सं, आता बोला.
काही बोलल्या नाहीत. भाजी चांगली झाली की त्या कधीच बोलत नाहीत.