दहा इस्फंदारची फायनल

३ नोव्हेंबर १९३९, शुक्रवार
आजपासून हळ्ळीखेडच्या हॉकी टीमचा मी मॅनेजर. कोणी नेमलं नाही. गरज दिसली, पुढे झालो. जिल्ह्याची शील्ड आजवर आपल्या गावी आली नाही, कारण टीमजवळ बाभळीच्या स्टिका आहेत, शास्त्र नाही. शास्त्र मी देणार. शिवाय हैदराबादच्या साप्ताहिकाचा मी इथला बातमीदार. नऊ वर्षं 'आमच्या बातमीदाराकडून' एवढंच छापून येतंय. बंडोपंत हे नाव एकदाही नाही. शील्ड आली की येईल.
संकल्प: रोज प्रॅक्टिसला हजर. रागावायचं नाही.

८ नोव्हेंबर, सायंकाळ
गरुडव्यूह शिकवला. मैदानात काठीनं अख्खा पक्षी काढला. कॅप्टन कल्लप्पा सेंटर फॉरवर्ड, म्हणून तो चोच. शिट्टी झाली आणि अकराच्या अकरा जण चोच झाले. गोलकीपर हावगेप्पासुद्धा. रागावलो. कल्लप्पा म्हणाला, पंत, कामून चिडायलाव? पाखरू बेस काढलाव तुमी. पण चेंडू जिकडं जायलाय तिकडं आमाला जावंच लागतंय की.
उत्तर देणार होतो, तेवढ्यात चेंडू माझ्या नडगीवर.

९ नोव्हेंबर
प्रॅक्टिसला गेलो नाही. नडगी.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
ठाणाकुशनूरवर २-० विजय. व्यूह फळला. कल्लप्पाचं म्हणणं, त्यांचे दोन गडी काढणीत अडकले म्हणून नऊच जण आले होते. असेल. रिपोर्ट पाच पानं. आरंभी शरद ऋतूचं वर्णन.

३० नोव्हेंबर
साप्ताहिक आलं. पाच पानांच्या दोन ओळी: 'ठाणाकुशनूर हरले. आमच्या बातमीदाराकडून.' शरद ऋतू पूर्ण कापला. आमच्या सौ. सुमतीबाईंना दाखवलं. म्हणाल्या, बरं झालं, ऐन थंडीत कोण वाचणार होतं?

१५ डिसेंबर, शुक्रवार
सेमीफायनल. हुमनाबादवर १-०! शेवटच्या मिनिटाला कल्लप्पाचा गोल. मी त्या क्षणी डावा पंख पुढे घ्या म्हणून ओरडत होतो. त्यानं उजवीकडून नेऊन मारला. सूचना उलटी ऐकली असावी. हरकत नाही.
गावात गूळ वाटला. 

२१ डिसेंबर
सेमीफायनलचा रिपोर्ट आठ पानं, पूर्ण करायला सहा दिवस लागले.

२६ डिसेंबर
संपादकांचं कार्ड. 'मजकूर शिळा झाल्यानं छापला नाही. फायनलची बातमी सोमवारच्या अंकासाठी शनिवारी रात्रीपर्यंत हाती आल्यास नावासह छापू.'
नावासह! सुमतीबाईंना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्या आत गेल्या.

२ जानेवारी १९४०
फायनल बीदरशी, बीदरलाच. सेक्रेटरीचं उर्दू पत्र कल्लप्पानं वाचलं: दहा इस्फंदार, दुपारी चार. आजवर तारखा हावगेप्पा चावडीतल्या सरकारी कॅलेंडरवर बघून यायचा. मी म्हटलं, ज्यानं आयुष्यभर पंचांग वापरलं, त्याला सरकारचे फसली महिने कसले अवघड? सहा ऑक्टोबरला आजूर लागतो. मग दै, बहमन, इस्फंदार. तीस-तीस दिवस. दहा इस्फंदार म्हणजे १३ जानेवारी, शनिवार. पाच मिनिटांचं काम.
हावगेप्पा म्हणाला, पंत, आतापतोर समदे सामने शुक्रवारीच झाले की. सुट्टी असतीया. फायनल शनिवारी कशी हुईल? एकदा चावडीत बघून येतो. मी म्हटलं, गणितापुढं सुट्टी चालत नाही. त्यानं मान हलवली. पटलं.

१० जानेवारी
अडचण. फायनल शनिवारी संध्याकाळी आणि रिपोर्ट शनिवारी रात्री हैदराबादला. टपालाला दोन दिवस. कसं जमावं?

११ जानेवारी, गुरुवार, सकाळी
जमलं. रिपोर्ट आधीच लिहिला! ३-१. एक गोल बीदरलाही दिला, पाहुण्यांनी यजमानांचा मान राखावा. कल्लप्पाचा दुसरा गोल 'मेघातून निसटलेल्या विजेसारखा'. सुमतीबाई म्हणाल्या, अहो, आणि हरले तर? अशुभ बोलू नये म्हटलं. पाकीट टपालात टाकलं.

१३ जानेवारी, शनिवार, रात्री. बीदर
सकाळच्या मोटारीनं निघालो, दुपारी तीनला मैदानात. कोणी नाही. गोलाच्या खांबांमध्ये दोन शेळ्या. माळी वीरभद्रप्पा झाडांना पाणी घालत होता. म्हणाला, फायनल? ती काल झाली की अण्णा. लई माणसं जमली होती. पाचपतोर वाट बघितली, मग वॉकओव्हर. हळ्ळीखेडवाले भिऊन आले न्हाईत म्हणायलेत समदे.
कल्लप्पा खाली बसला. स्टिक मांडीवर आडवी. त्यानं ती रात्री तेल लावून ठेवली होती. हावगेप्पानं शेळ्या हाकलल्या, बाकीचे माझ्याकडे पाठ करून बसले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
दै महिना एकोणतीस दिवसांचा म्हणे! हे सांगायला नको? हावगेप्पानं सुचवलं होतं, पण पुरावा कुठं दिला?
आणि तो रिपोर्ट! हैदराबादला तार करावी का? नको. संपादक माझं सगळं कापतात. हेही कापतील.

१४ जानेवारी, संक्रांत
घरीच. नडगी.

१८ जानेवारी, गुरुवार
साप्ताहिक आलं. पहिलं पान. 'हळ्ळीखेडचा दिग्विजय: आमचे खास बातमीदार बंडोपंत यांजकडून.' एक शब्द कापलेला नाही. वीजसुद्धा आहे.
अंक लपवणार होतो. पण चावडीत दुसरा येतो. संध्याकाळी सगळी टीम दारात. कल्लप्पाच्या हातात अंक. सुमतीबाईंनी त्यांना तिळगूळ दिला, मला नाही. कल्लप्पा ओसरीवर बसला, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, शेवटपर्यंत. कोणी हसलं नाही. मग घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाला, पंत, दुसरा गोल बेस मारलो मी. पुढच्या साली आमी घरीच बसताव. तुमी लिवा, आमी जिंकताव.
गेले सगळे.
नाव मात्र ठळक टाइपात आहे.